आघाड्याला पाणी

पत्रीकाकूंच्या घरी गेलं की पाय कुठे धुवायचे हे आधी विचारावं लागे. दुसऱ्या घरी दाराशी तांब्या भरून ठेवलेला असतो. माणूस पाय धुतो आणि आत जातो. काकूंकडे तसं चालत नसे. त्या तांब्या हातात घेऊनच पुढे येत, अंगणावर एकवार नजर फिरवीत आणि सांगत, "आज केळीत धुवा," किंवा "शमीपाशी जा की, ती कालपासून कोरडी आहे." पाहुणा कितीही मोठा असो, त्याची सुटका नसे. एकदा काकांच्या कचेरीतले हेडक्लार्क घरी आले होते. त्यांनाही बूट काढून आघाड्याच्या वाफ्यात उभं राहावं लागलं. आघाडा म्हणजे उकिरड्याच्या कडेला आपोआप उगवणारं तण. त्याला मुद्दाम पाणी घालणारी बाई भवानी पेठेत दुसरी नव्हती.

लग्न होऊन मी करमाळ्याहून सोलापुरात आले तेव्हा मला सोळावं लागलं होतं. तीस सालच्या आधीची ही चार-पाच वर्षं. घरात सासूबाई, हे आणि मी. हे शाळेत मास्तर होते. करमाळ्याला आमच्या घरामागे मळा होता, मोट होती, त्यामुळे पाणी हा बोलण्याचा विषय असतो हे मला माहीतच नव्हतं. सोलापुरात आल्यावर कळलं. आमच्या गल्लीला एक आड आणि कोपऱ्यावर एक नळ. आड फाल्गुनात तळ दाखवी, आणि नळाला पाणी कधी येईल ते त्या नळालाच ठाऊक. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आत बायका घागरी घेऊन रांगेला लागत. अशा गल्लीत, आमच्या घराला लागून, काकूंचं हिरवंगार अंगण होतं.

त्यांचं खरं नाव मला दोन वर्षांनी कळलं आणि ते इथे सांगण्याचं काही कारण नाही. हरतालका, मंगळागौर, गणपती, कुठलाही सण आला आणि पत्री लागली, की गल्लीतल्या बायका त्यांच्याकडे परडी घेऊन जात. म्हणून त्या पत्रीकाकू. त्यांना मूलबाळ नव्हतं. काका कचेरीत कारकून होते, बुटके, हसऱ्या तोंडाचे, आणि बायकोच्या अंगणाची थट्टा करण्यात त्यांचा अर्धा दिवस जाई.

ते अंगण तरी केवढं, चार बाजा टाकल्या असत्या तर भरलं असतं. पण त्यात रॉकेलचे डबे होते, फुटके माठ होते, तळ गेलेली बादली होती, आणि एक गंजलेली ट्रंक होती. ट्रंकेत दुर्वा लावलेल्या. काका येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवीत आणि म्हणत, "ही आमच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली ट्रंक. आता तीत गणपतीचं गवत आहे. सासऱ्यांना कळवू नका." तांदळाचं धुवण केळीला, भांड्यांचं पाणी अळूला, अंघोळीचं पाणी पन्हळीतून शेवग्याला. काका जेवून उठले की त्यांनी हात धुवायचे ते तोंडल्याच्या वेलावर. "या घरात वेळेवर पाणी न मिळणारा मी एकटाच," असं ते म्हणत, आणि काकू ते ऐकलं न ऐकलंसं करून त्यांच्यासमोर पाण्याचं भांडं ठेवीत.

काकूंचे सण सगळ्यांसारखेच असत, फक्त त्यांची तयारी चार महिने आधी सुरू होई. वैशाखात आड उपसला की तळाचा गाळ त्या पाटीभर मागून घेत. तो वाळवून, चाळून, भिजवून भाद्रपदात त्याचा गणपती. त्याचं नाक दर वर्षी जरा वाकडं होई. काका म्हणत, "यंदाचा आमच्या थोरल्या साडूवर गेलाय." पाचव्या दिवशी घंगाळात विसर्जन, आणि ती माती पाण्यासकट ट्रंकेतल्या दुर्वांना. आमच्या सासूबाईंना हे मुळीच पटत नसे. "घंगाळात बुडवायचं म्हणजे देवाला अंघोळ घालून घरातच ठेवल्यासारखं आहे," असं त्या एकदा काकूंच्या तोंडावर म्हणाल्या. काकू शांतपणे म्हणाल्या, "मग बरंच की. जायची घाई कुणाला आहे?"

संक्रांतीचं वाण त्यांच्याकडे करवंटीत लावलेलं तुळशीचं रोप असे. मी ते हातात धरून घरी येई आणि सासूबाई कुरकुरत, "वाण म्हणजे आणावं आणि फडताळात ठेवावं. हे तर जगवत बसावं लागतं." पहिल्या वर्षीचं आमचं रोप चैत्रात वाळलं. मी ती करवंटी चुलीत घातली आणि काकूंपुढे विषय निघू दिला नाही. पुढच्या संक्रांतीला त्यांनी मला दोन रोपं दिली. "एक मरेल म्हणून दोन," एवढंच म्हणाल्या. दसऱ्याला बाजारात आपट्याच्या फांद्यांच्या गाड्या येत. काकू त्यातलं काही घेत नसत. त्यांच्या डब्यात गुडघ्याएवढा आपटा होता, त्याची पानं त्या नखाने खुडून काढीत आणि माणसाला एकच देत. काका कचेरीत ती वाटताना म्हणत, "आमच्याकडचं सोनं अस्सल आहे, म्हणून एकच."

गल्लीच्या टोकाला साळ्यांची घरं होती. तिथे सकाळपासून मागाचा खटखटाट चालू असे. टोकाच्या घरातली नरसव्वा नवरात्रात त्यांची बतकम्मा, म्हणजे फुलांची देवीची उतरंड, रची. तिला तरवडाची पिवळी फुलं माळावर मिळत, पण कोंबड्याच्या झाडाची तांबडी फुलं काकूंकडूनच लागत. तिला मराठी येई, पण फुलांविषयी बोलायला लागली की ती तेलुगूवर जाई, आणि काकूंना त्यातलं ओ की ठो कळत नसे. तरी दोघी अंगणात उभ्या राहून तासभर बोलत. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला समजतं तरी काय?" त्या म्हणाल्या, "ती फुलाकडं बोट दाखवते, मी फूल देते. यात न समजण्यासारखं काय आहे?"

मला काकूंकडे नेलं ते माझ्या पहिल्या मंगळागौरीने. सोळा प्रकारची पत्री लागते. बाजारात जुड्या मिळत, पण त्यात मरवा म्हणून कसलाही पाला बांधलेला असे आणि घरी येईपर्यंत त्याची भाजी झालेली असे. काकूंनी मला पहाटे बोलावलं, माझे पाय शमीत धुवायला लावले आणि एकेक झाडापुढे उभं केलं. "शेंड्याला हात लावायचा नाही. मागचं पान घ्यायचं. फांदी ओढायची नाही, नख लावायचं." मी घाईने माक्याचं अख्खं रोप उपटलं. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं, पुन्हा मातीत रोवलं आणि म्हणाल्या, "उमे, देवाला एक पान कमी पडलं तर देव रागावत नाही. वर्षातून एकदा त्या झाडाची आठवण काढायची, एवढ्यासाठी हे सगळं आहे. उपटून आठवण कसली काढतेस?" मंगळागौर पाच वर्षं पुजायची असते. चौथ्या श्रावणापर्यंत मी सोळाही पानं डोळे मिटून, नुसत्या वासाने ओळखायला लागले.

आता वडाचं सांगते, कारण सगळं त्यावरच येऊन थांबतं.

लग्नानंतर महिन्याभरातच माझी पहिली वटपौर्णिमा आली. आमच्याकडे बायका वडापर्यंत जात नसत. वड लांब, ऊन कडक. खेड्यातून बायका वडाच्या फांद्यांचे भारे घेऊन येत, प्रत्येक घर एक फांदी घेई, पाटावर मांडून तिची पूजा होई आणि दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या उकिरड्यावर जाई. मीही तसंच केलं. सकाळी फांदी टाकायला गेले तर काकू तिथे उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातली फांदी घेतली, बुडाशी नखाने साल खरवडून पाहिली. "हिला अजून जीव आहे की. नवऱ्याचं आयुष्य हिच्याकडं मागायचं आणि हिचंच आयुष्य मोडायचं, हे बरं आहे आपलं." त्या वर्षी पाऊस वेळेवर पडला. त्यांच्या रॉकेलच्या डब्यात माझ्या फांदीला श्रावणात कोंब आला.

दोन पावसाळे ती डब्यात राहिली. मग डबा फुटायला आला तेव्हा काकांनी गल्लीच्या टोकाला, नरसव्वाच्या दारासमोरच्या मोकळ्या जागेत, खड्डा खणून तो वड लावला आणि भोवती बाभळीचे काटे रोवले. त्याला पाणी घालायचं काम काकांकडे आलं. रोज सकाळी कचेरीचा कोट अंगात, टोपी डोक्यावर आणि हातात बादली, असे ते गल्लीतून जात. कुणी हसलं की म्हणत, "आयुष्य माझं वाढायचंय, मग पाणी कुणी घालायचं?"

चौथ्या वर्षी वड माणसाच्या उंचीचा झाला आणि काकूंनी गल्लीतल्या सगळ्या बायकांना तिथे पूजेला बोलावलं. वीस-बावीस जणी असू. खोड मनगटाएवढं बारीक, त्यामुळे सगळ्यांचे दोरे गुंडाळल्यावर झाड फांद्यांसकट पांढरं दिसायला लागलं. माझा नंबर येईपर्यंत सूत संपलं. नरसव्वाने घरातून डाळिंबी रंगाचं, मागावरचं पक्क्या रंगाचं सूत आणून दिलं. तेवढं एकच डाळिंबी. तिसऱ्या दिवशी काकू दोरे सोडवायला गेल्या, खोडाला काचू नयेत म्हणून. मी म्हटलं, "माझी एक गाठ राहू द्या." त्यांनी कपाळाला आठी घातली, मग एका फांदीवर ती गाठ सैल करून बांधून दिली. "तुझ्या हट्टाला फळ येऊ दे," म्हणाल्या. मला त्या वर्षी इतकं बरं वाटलं होतं की मी ते करमाळ्याला आईला पत्रातही लिहिलं.

पुढच्या चैत्रात काका तापाने गेले. आठ दिवसांचा ताप. आठव्या दिवशीही त्यांनी शुद्धीत येऊन विचारलं होतं, की वडाला आज पाणी कुणी घातलं. मीच घातलं होतं. मी सांगितलं, तर म्हणाले, "मग ठीक आहे."

काकू माजघरात बसल्या. त्या दिवसांत तसंच असे. वर्षभर बाईने बाहेर पडायचं नाही, सणासुदीला तर समोरही यायचं नाही. त्यांनी वपन न करता केस ठेवले, त्यावरूनही नळावर बोलणं झालं. त्यांच्याकडे कुणी जाईना. आणि मग मला एक गोष्ट कळली, जी चार वर्षं डोळ्यांसमोर असून कळली नव्हती. ते अंगण आडाच्या पाण्यावर हिरवं नव्हतंच. ते माणसांच्या येण्याजाण्यावर हिरवं होतं. हळदीकुंकवाला शेजारच्या गल्ल्यांतल्या धरून पन्नास बायका येत, पन्नास जणी पाय धूत. आता पायच येईनात. वैशाखात आघाडा वाळला, मग माका, मग मरवा. आमच्या गच्चीवरून ते सगळं दिसे. मी एकदा घागर उचलली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वर्ष जाऊ दे. तुझी पाचवी मंगळागौर व्हायची आहे, उद्यापन व्हायचं आहे. आत्ता त्या घरी नको." मी घागर खाली ठेवली. सासूबाईंनी मला धरून ठेवलं नव्हतं. मी आपण होऊन ठेवली. त्याची मला अजून लाज वाटते.

तेवढ्यात वटपौर्णिमा आली. वडाचं काय करायचं हे कुणी ठरवलं नाही, नळावरच्या रांगेत ते आपोआप ठरलं. "लावणारीचंच कुंकू राहिलं नाही, त्या झाडाकडे आपण काय मागायचं?" असं एक जण म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापर्यंत सगळी गल्ली तेच म्हणत होती. पुन्हा फांद्या आणायचं ठरलं.

पौर्णिमेच्या सकाळी भारा घेऊन एक बाई दारात आली. फांद्या टवटवीत होत्या. सासूबाईंनी निवडून एक घेतली आणि विचारलं, "इतकी ताजी कशी गं?"

"हितलीच हाय की बाई," ती म्हणाली. "लांबून आणल्या की वाटंतच सुकत्यात. घ्या, दुधाचा थेंब गळतोय बघा अजून."

सासूबाई खूश झाल्या. मी आत आंब्यांची मांडामांड करत होते, मी ते नुसतं ऐकलं.

पाटावर फांदी मांडली. सासरे नव्हते, त्यामुळे पूजा मी करायची आणि सासूबाईंनी बाजूला बसून सांगायचं. हळदकुंकू वाहिलं, दूध वाहिलं आणि दोरा गुंडाळायला घेतला. पानांच्या आड बोटाला काहीतरी लागलं. पानं बाजूला केली. डाळिंबी सुताची गाठ होती. उन्हाने जरा विटलेली, पण गाठ तशीच, सैल.

"थांबलीस का?" सासूबाईंनी विचारलं.

"हा आपलाच वड आहे," मी म्हटलं. "गल्लीच्या टोकाचा. ही माझी गाठ."

सासूबाईंनी वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "सुरू केलेली पूजा पुरी कर." मी सात वेढे घातले. ज्या झाडाकडे काही मागायचं नाही म्हणून आम्ही बाजूला झालो होतो, तेच झाड मोडून आणून त्या दिवशी गल्लीतल्या प्रत्येक घरात त्याच्याकडे तेच मागणं चाललं होतं.

पूजा होताच मी तशीच, रेशमी लुगड्यात, उपाशी, काकूंच्या घरात शिरले. चैत्रानंतर पहिल्यांदा. दाराशी तांब्या नव्हता. काकू माजघरात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती फांद्या नेल्या?"

"माहीत नाही. मी बघितलं नाही अजून."

"खोड आहे ना?"

"असेल."

त्या उठल्या. कोपऱ्यातली काकांची बादली घेतली आणि उंबऱ्यापर्यंत आल्या. बाहेर गल्लीत बायका नटूनथटून वाणं घेऊन या घरातून त्या घरात चालल्या होत्या. काकू उंबऱ्यावर थांबल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "आज नको. आजचा दिवस त्यांचा आहे. मी आडवी आले तर पोरींच्या मनाला लागेल. तू जा. शेण आणि माती सारखी घे, घट्ट कालव, जिथं जिथं मोडलंय तिथं लाव. खोडाला ओलं पोतं गुंडाळ. आणि पाणी हळू घाल, एकदम ओतू नको." मग माझ्या लुगड्याकडे पाहून म्हणाल्या, "पदर खोच."

वडाचं नुसतं खोड उरलं होतं. चार-पाच ठिकाणी साल खालपर्यंत ओरबाडली होती आणि चीक वाळून पांढरा झाला होता. काटे बाजूला फेकले होते. मी शेणमाती लावायला बसले तशी नरसव्वा घरातून बाहेर आली. तिने पोतं आणलं, पाण्याची घागर आणली आणि विचारलं, "अम्मा कुटं हाय? झाड त्यांचं, आनि तू एकटी करतीस?"

मी सांगितलं, की काकूंना आज बाहेर येता येत नाही. का, तेही सांगितलं. तिने पोतं खोडाला गुंडाळून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकूंच्या दारात उभी होती. ती काय म्हणाली ते मी आमच्या ओट्यावरून ऐकलं. "काल तुमची पूनव होती, काल नाय आल्या. आज माज्या घरी या. वड माज्या दारात हाय."

काकू गेल्या. डोक्यावरून पदर, हातात काकांची बादली. नळावरच्या बायका बघत राहिल्या. तेव्हापासून रोज सकाळी त्या नरसव्वाच्या घरी जात, आणि नरसव्वाच्या घरी जायचं म्हणजे वडावरूनच जावं लागे, त्याला कुणाचा काय इलाज.

सासूबाई त्याबद्दल चकार शब्द बोलल्या नाहीत. पण आमच्या पूजेची फांदी उकिरड्यावर गेली नाही. दुसऱ्या दिवशी ती मोरीजवळच्या बिंदगीत, लहान घागरीत, पाण्यात उभी दिसली. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. रोज पाणी मात्र कुणीतरी बदलत होतं आणि ते मी नव्हते. फांदीला मुळं फुटली नाहीत. महिन्याने त्यांनीच ती काढून टाकली.

आषाढाच्या शेवटी वडाला कोंब आले, शेणमातीच्या वरच्या बाजूला, तांबूस, नखाएवढे. मी काकूंना सांगायला धावले तर त्या म्हणाल्या, "चार दिवसांपूर्वीच आलेत. तुला दिसावेत म्हणून वाट बघत होते."

श्रावण लागला आणि माझी पाचवी मंगळागौर दारात आली. उद्यापन होतं. करमाळ्याहून आई येणार होती. पत्रीचं काय करायचं हे मी विचारलं नाही. बाजारची जुडी येईल असं धरून चालले. मंगळवारी सकाळी उठले तर सासूबाई घरात नव्हत्या. मी ओट्यावर आले. त्या काकूंच्या दारात उभ्या होत्या, हातात रिकामी परडी. काकू आतून आल्या आणि सासूबाईंना बघून तिथेच थांबल्या. त्यांच्या हातात तांब्या नव्हता. सासूबाईंनी परडी खाली ठेवली.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "पाय कुठं धुऊ?"

काकू आत गेल्या. परत यायला त्यांना जरा उशीर झाला. तांब्या भरून आणला, पदराने डोळे पुसले आणि अंगणावर नजर फिरवली. पावसाने बरंचसं पुन्हा उगवलं होतं. "आघाड्यात धुवा," त्या म्हणाल्या. "तो मागं राहिलाय."

सासूबाई लुगडं वर धरून आघाड्यात उभ्या राहिल्या. मग दोघींनी मिळून पत्री खुडली. तेरा प्रकारच मिळाले, तीन झाडं त्या उन्हाळ्यात गेली ती गेलीच. उद्यापन तेरा पानांवर झालं. भटजींनी विचारलं तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं, "देव रागावत नाही." हे वाक्य त्यांनी कुणाकडून घेतलं होतं ते मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी काकूंचा भाऊ मोडनिंबहून आला आणि त्यांना घेऊन गेला. एकटीने किती दिवस राहायचं, असा त्याचा आग्रह. त्यांनी डबे आणि परसात लावायला आघाड्याची रोपं मला दिली, काकांची बादली नरसव्वाला दिली, ट्रंक मात्र बरोबर नेली, दुर्वांसकट. भावाने टांग्यात ती चढवताना नाक मुरडलं. काकू त्याला म्हणाल्या, "तुझ्याच वडिलांनी दिलेली आहे. धर नीट."

त्या गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी दोन मुलांची आई होते. कोपरा फाडलेलं कार्ड. वाचलं की घरात ठेवत नाहीत. ह्यांनी ते दारातच वाचून दाखवलं. सासूबाईंना तोवर डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. त्या बाजेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "आपल्याला त्यांचं सुतक लागत नाही. पण अंघोळ कर. मीही करते."

मी मोरीत गेले नाही. परसात गेले आणि नेसत्या लुगड्यानिशी दोन बादल्या अंगावर घेतल्या. मृग कोरडा गेला होता, पाणी पडताच जमिनीत मुरत होतं. आतून सासूबाईंनी हाक मारली, "कुठं उभी राहिलीस गं?"

"आघाड्यात," मी म्हटलं.

त्या भिंतीला धरून, पाय चाचपडत दारापर्यंत आल्या आणि हात पुढे केला. "मलाही तिथंच ने," म्हणाल्या. "तो नेहमी मागं राहतो."